तुमची मार्लिन आहे तशीच राहू द्या. वाइल्डकॅटची हौसच असेल तर मॉडेल ७१ शोधा

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त अँकरेजला आलात, .४५-७० काडतुसाची मार्लिन १८९५ ही लिव्हर रायफल (खालची कडी ओढून काडतूस भरायची) घेतलीत, आणि कामावरच्या कोणीतरी डोक्यात भरवलं की तपकिरी अस्वलासमोर .४५-७० म्हणजे लवंगी फटाका. त्याचं म्हणणं, हीच रायफल .४५० अलास्कन नाहीतर .५० अलास्कन या जास्त ताकदीच्या वाइल्डकॅट काडतुसांना बदलून घ्या. तर हे होतं का, करावं का, आणि केल्यावर रायफल टिकते का?

आधी उत्तर, मग कारणं. .४५० अलास्कन तुमच्या मार्लिनमध्ये बसतच नाही, काडतूस लांबीला जास्त पडतं. .५० अलास्कन बसवता येतं, बसवणारेही आहेत. माझ्याकडे कोणी ते काम घेऊन आला तर मी नाही म्हणतो. मी मूळचा टूलरूममधला माणूस, आता बरीच वर्षं इथे गनस्मिथचं काम करतो, आणि जुन्या विंचेस्टर बदलून देण्याचं काम माझ्याकडे नेहमी असतं. त्यामुळे वाइल्डकॅटला माझा विरोध आहे असं समजू नका. पोटापाण्याचाच भाग आहे तो.

वाइल्डकॅट म्हणजे कारखान्यात न निघणारं, कोणीतरी आपल्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या काडतुसाच्या पुंगळीला फुगवून, आवळून किंवा छाटून केलेलं काडतूस. मापं आणि दाब ठरवणारी 'सॅमी' नावाची संस्था अमेरिकेत आहे. वाइल्डकॅटला तिचा शिक्का नसतो. दोन गनस्मिथांची .४५० अलास्कनची चेंबरं (नळीतली काडतूस बसायची जागा) तंतोतंत सारखी असतीलच याची खात्री नाही, आणि पुढच्या बऱ्याच भानगडी इथूनच सुरू होतात.

ही सगळी मंडळी मुळात अलास्काचीच. केनाई द्वीपकल्पावर कूपर लँडिंग नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या हेरॉल्ड जॉन्सनने १९५० च्या दशकात विंचेस्टर मॉडेल ७१ घेतली, तिचं .३४८ विंचेस्टर काडतूस .४५८ इंच गोळीला उघडलं आणि पुंगळीचा उतार कमी करून आत दारूला जागा वाढवली. झालं .४५० अलास्कन. .५० अलास्कनही त्याच गावचं, जॉन्सन आणि फुलर यांचं. तेव्हा .५० मापाची शिकारीची गोळी बाजारात मिळत नव्हती. म्हणून जॉन्सनने .५० ब्राउनिंग मशीनगनच्या ७२० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या मधोमध कापल्या आणि मागचा अर्धा भाग उलटा करून पुंगळीत बसवला. ती गोळी अस्वलाच्या अंगातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची असं सांगतात. गरज खरी होती. त्या काळात .४५-७० चं कारखान्याचं काडतूस म्हणजे ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला १,३३० फुटांनी. दाब मुद्दाम कमी, कारण १८७३ च्या लष्करी ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड अजून लोकांच्या घरात होत्या आणि त्या फुटू नयेत ही काळजी कंपन्यांना होती. जड गोळी, वेग दोन हजारांच्या वर आणि हातात लिव्हर रायफल, हे विकत मिळतच नव्हतं. म्हणून जॉन्सनने ते केलं.

आता तशी परिस्थिती उरलेली नाही. आजच्या मजबूत लिव्हर रायफलींसाठी बनवलेली .४५-७० ची काडतुसं ४०० ग्रेनच्या आसपासची गोळी १,८०० फुटांपर्यंत सहज नेतात. .४५० अलास्कन तीच गोळी २,१०० च्या आसपास नेतं. म्हणजे तुम्ही जे विकत घ्यायला निघाला आहात ते तीनशे फूट. ऊर्जेच्या भाषेत साधारण २,९०० फूट-पौंडांवरून ३,९००. फरक कागदावर भरघोस दिसतो. पण झुडपात चाळीस-पन्नास यार्डांवर अस्वलाच्या खांद्याचं हाड फोडून पलीकडे जायचं काम गोळीची बांधणी करते, आणि योग्य गोळी असेल तर १,८०० फुटांवरही ते होतं. गोळीवर पुढे बोलतोच.

आधी मार्लिनला नाही का म्हणतो ते. यात थोडं गणित आहे, पण आठवीचं. काडतूस उडालं की पुंगळीचं बूड बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या पोलादी ठोकळ्याला, मागे रेटतं. तो रेटा म्हणजे दाब गुणिले बुडाचं क्षेत्रफळ. बाहेरचा व्यास धरून ढोबळ हिशेब करू. प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येतो, पण तुलना बरोबर राहते. मार्लिनच्या ३३६ रायफलीच्या नेहमीच्या .३०-३० काडतुसाचं बूड .४२२ इंच आणि दाब ४२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), म्हणून रेटा सुमारे ५,९०० पौंड. .४५-७० चं बूड .५०५ इंच. कारखान्याच्या २८,००० दाबाला रेटा ५,६०० पौंड, म्हणजे .३०-३० एवढाच. म्हणूनच १९७२ मध्ये मार्लिनला आपल्या ३३६ च्या सांगाड्यावर .४५-७० बसवता आलं. ('१८९५' हे नाव जुन्याच रायफलीचं घेतलं, आतली यंत्रणा मात्र ३३६ ची. दुकानदारही यात गोंधळतात.) तेच .४५-७० तुम्ही ४०,००० दाबाला भरलं की रेटा ८,००० पौंडांवर जातो. आणि .३४८ च्या वंशातल्या पुंगळीचं (.५० अलास्कनही त्यातलंच) बूड आहे .५५३ इंच. तेवढ्याच दाबाला ९,६०० पौंड, चार टनांच्या वर. हे सगळं तुमच्या मार्लिनमध्ये बोल्टच्या मागच्या टोकाला असलेल्या एकुलत्या एका लगने, म्हणजे अडसराने, अडवायचं.

एका फटक्यात रायफल फुटते असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा फुटत नाहीच. होतं असं की लॉक मागच्या बाजूला असल्यामुळे दर बाराला रिसीव्हर (बोल्ट आणि नळी धरणारा पोलादी सांगाडा) केसभर ताणला जातो, पुंगळीही ताणली जाते, लग आणि त्याची बैठक हळूहळू दबते, हेडस्पेस, म्हणजे पुंगळीच्या बुडामागची मोकळी जागा, वाढत जातो. मग एक दिवस पुंगळी बुडाच्या थोडं वर गोल चिरते. दुसरं, लिव्हर रायफलीत बोल्ट-ॲक्शनसारखी पुंगळी पिळून सैल करणारी ताकद नसते. चेंबरला चिकटलेली पुंगळी बाहेर काढायला तुमच्याकडे फक्त लिव्हरचा ओढा. टेबलावर ती चिकटली तर लाकडी हातोडीने टकटक करून निघते. झुडपात समोर जखमी अस्वल असताना कोण काढणार?

तिसरी गोष्ट नळीची. .५० अलास्कनचं चेंबर .४५-७० पेक्षा बुडाशी .०४८ इंचाने जाड, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रत्येकी २४ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पोलाद जातं. तेही जिथे नळी आट्यांनी रिसीव्हरमध्ये बसते त्या जागी, म्हणजे जिथे पोलादाची सगळ्यात जास्त गरज आहे तिथे. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला यापुढे सांगायला नको.

कारखान्यांनाही हे गणित चुकलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७८ मध्ये विंचेस्टरने आपल्या मॉडेल ९४ रायफलीत .३७५ विंचेस्टर काडतूस आणलं तेव्हा आधी रिसीव्हरच्या मागच्या भागात पोलाद जाड केलं. २००० मध्ये हॉर्नडी आणि मार्लिनने .४५० मार्लिन काढलं तेव्हा बुडाला रुंद पट्टा दिला. हेतू हा की जास्त दाबाचं काडतूस जुन्या .४५-७० मध्ये बसूच नये. अँकरेजमध्ये 'वाइल्ड वेस्ट गन्स' यांचं .४५७ वाइल्ड वेस्ट मॅग्नम आहे. ते .४५-७० च्याच घराण्यातलं, पुंगळी थोडी लांब, बूड तेवढंच. मार्लिनवर काही करायचंच असेल तर निदान बूड न वाढवणारा हा रस्ता मला पटतो. पण तीन वेळा विचार करा आणि मग करू नका.

कोणीतरी तुम्हाला ॲक्लीचं नाव ऐकवेलच, म्हणून तेही सांगतो. पी. ओ. ॲक्ली हा कोलोरॅडोतल्या ट्रिनिडादचा नामांकित गनस्मिथ, तिथल्या कॉलेजात गनस्मिथिंगचा अभ्यासक्रम १९४७ मध्ये सुरू झाला तेव्हा शिकवायलाही होता. त्याने विंचेस्टर ९४ वर प्रयोग करून दाखवलं की पुंगळीचा उतार कमी केला, भिंती सरळ केल्या की ती चेंबरला घट्ट धरते आणि बोल्टवरचा रेटा कमी येतो. प्रयोग खरा. त्याचा अर्थ लोक नको तिथवर ताणतात. पुंगळीची पकड एका मर्यादेपर्यंतच चालते. दाब पुढे वाढला की पितळ ताणलं जातं आणि वरचा सगळा भार बोल्टवरच येतो. शिवाय ती पकड कोरड्या, स्वच्छ चेंबरमध्ये. अलास्कात सप्टेंबरात पाऊस थांबत नाही, माणूस गंज लागू नये म्हणून चेंबरमध्ये तेलाचं फडकं फिरवतो आणि पुसायचं विसरतो. तेल लागलेल्या चेंबरमध्ये पकड गेलीच. ज्या हिशेबाला तेलाच्या थेंबाने सुरुंग लागतो, त्याच्या भरवशावर मी रायफल बांधत नाही.

मॉडेल ७१ चं तसं नाही. तिचा सांगाडा म्हणजे जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर मॉडेल १८८६च, थोडी सुधारलेली. बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन उभे पोलादी खिळे वर येतात आणि बोल्ट व रिसीव्हर दोघांच्या खाचांत बसतात. भार दोन्हीकडे सारखा वाटला जातो. ७१ निघाली १९३५ मध्ये, आधुनिक पोलादात, आणि पहिल्या दिवसापासून .३४८ च्या बुडासाठी. हे .३४८ सुद्धा जुन्या .५०-११० ची पुंगळी आवळून केलेलं. म्हणजे जॉन्सनने त्यात परकं काही घुसवलं नाही. रायफलीला जे बूड आणि जो दाब माहीत होता तोच ठेवून फक्त पुढचं तोंड मोठं केलं. माझ्या मते .४५० अलास्कन इतकी वर्षं टिकलं ते यामुळेच. ७१ चं उत्पादन १९५० च्या दशकाच्या शेवटी थांबलं. मूळ ७१ आता जमवणाऱ्यांच्या कपाटात असतात, आणि धड अवस्थेतली मूळ रायफल कापणं मला जिवावर येतं. त्यासाठी १९८७ ची ब्राउनिंगच्या नावाची ७१ बघा, जपानात मिरोकूने बनवलेली. काम सुबक, पोलाद उत्तम, आणि कापताना मनाला लागत नाही. जुनी, काळ्या दारूच्या काळातली १८८६ मात्र वर्ज्य. यंत्रणा तीच असली तरी पोलाद तेव्हाचं.

गिऱ्हाइकाला वाटतं बदल म्हणजे नळी बदलणं. नळी बसवणं आणि चेंबर कापणं हे त्यातलं सोपं काम. रीमर (चेंबर कापायचं हत्यार) चांगला असेल आणि हात थंड असेल तर त्यात नवल काही नाही. खरा वेळ जातो काडतूस मॅगझिनमधून चेंबरपर्यंत नेण्यात. .३४८ ची पुंगळी बुडाशी .५५३ आणि खांद्याशी .४८५ इंच, म्हणजे छान निमुळती. रिसीव्हरमधल्या मार्गपट्ट्या त्याच निमुळतेपणाला धरून घडवलेल्या. आता तिच्या जागी खांद्यापर्यंत जवळजवळ सरळ, जाड काडतूस आणि पुढे बसक्या नाकाची .४५८ गोळी. ते पट्ट्यांत अडकतं, नाहीतर कॅरियरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) तिरकं चढतं, नाहीतर गोळीचं नाक चेंबरच्या खालच्या कडेला धडकतं.

मी हे दारू आणि प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नसलेल्या नकली काडतुसांवर करतो. काडतुसाला मेणबत्तीची काजळी धरायची, लिव्हर अगदी सावकाश चालवायची, बाहेर काढून बघायचं काजळी कुठे पुसली गेली. तेवढ्याच जागी पट्टीवरून तेलाचा दगड चार हात फिरवायचा आणि पुन्हा काजळी. कानस हातात घेतलीत की संपलं, कारण पट्टी दोन थाउ जास्त गेली तर काडतूस वेळेआधी सुटून वर उडी मारतं. सावकाश चालली म्हणजे झालं असंही नाही. लिव्हर जोरात चालवून बघावी लागते, अर्धी उघडून परत मिटून बघावी लागते, रायफल आडवी धरून, नाक खाली करून बघावी लागते. घाबरलेला माणूस लिव्हर अर्धवटच चालवतो. त्यात दोन काडतुसं एकमेकांवर चढली तर ती रायफल माझ्या टेबलावरून जात नाही. जो गनस्मिथ या कामाचे पैसे नळीच्या कामाएवढे मागत नाही, त्याला विचारा की फीडचं काय करणार. उत्तरावरून कळेल.

गोळीबद्दल, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. .४५८ इंच मापाच्या गोळ्या दोन जगांसाठी बनतात. एक .४५-७० साठी, मऊ, कमी वेगात फुलणाऱ्या. दुसऱ्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमसाठी, आफ्रिकेच्या म्हशी-हत्तींच्या, जाड कवचाच्या. .४५० अलास्कन या दोघांच्या मधोमध. .४५-७० ची मऊ ३०० ग्रेनची गोळी २,२०० फुटांनी अस्वलाच्या खांद्यावर मारलीत तर ती वरच्यावर फुटून जाते. .४५८ मॅग्नमच्या गोळ्या टोकाला गोल किंवा निमुळत्या असतात, आणि नळीच्या खालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक, एकाचं नाक पुढच्याच्या प्रायमरवर टेकून बसतात. तिथे टोकदार कवचाची गोळी घालणं म्हणजे धक्क्यासरशी मॅगझिनमध्येच स्फोटाला आमंत्रण. तेव्हा सपाट नाकाची, जोडबांधणीची (कवच आणि शिसं एकजीव केलेली) ३५० ते ४०० ग्रेनची गोळी किंवा कडक ओतीव शिशाची रुंद सपाट गोळी, एवढाच पर्याय राहतो. गोळीला क्रिंपची (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळण्याची) खाच हवी आणि क्रिंप कडक हवा. नाहीतर पहिल्या दोन बारांच्या धक्क्याने मॅगझिनमधली तिसरी गोळी पुंगळीत आत सरकते आणि दाब कुठल्या कुठे जातो.

आणखी एक मजा बघा. गोळी किती खोल जाईल याचा अंदाज तिच्या पौंडांतल्या वजनाला इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागून घेतात. .५० अलास्कनची ४५० ग्रेनची गोळी: .२४७. .४५० अलास्कनची ४०० ग्रेनची: .२७२. आणि ज्याला सगळे जुनाट म्हणून हसतात त्या .३४८ ची २५० ग्रेनची: .२९५. भोक मोठं केलं म्हणून गोळी खोल जाते असं मुळीच नाही. मोठं भोक हवं असेल तर वजनही त्या प्रमाणात वाढवावं लागतं, आणि लिव्हर रायफलीच्या लांबीत ते मावत नाही. म्हणून .५० चं कौतुक मला फारसं नाही.

धक्का. आठ पौंडांच्या रायफलीत ४०० ग्रेनची गोळी २,१०० फुटांनी म्हणजे माझ्या हिशेबाने पन्नास फूट-पौंडांच्या जवळपास. त्याच वजनाच्या, .३०-०६ या सर्रास काडतुसाच्या रायफलीचा वीसच्या आसपास असतो. खांदा सवयीने तयार होतो, दस्ता होत नाही. टँगच्या, म्हणजे रिसीव्हरच्या दस्त्यात घुसणाऱ्या शेपटीच्या, मागे लाकूड चिरतं. बदल करतानाच तिथली बैठक इपॉक्सीने भरून घ्यावी आणि टँगच्या मागे केसभर फट ठेवावी, नाहीतर अक्रोडाचा सुंदर दस्ता एका मोसमात उभा फाटलेला बघाल.

आता रोजच्या व्यवहारातलं, जे सांगायचं बहुतेक जण विसरतात. वाइल्डकॅटचं काडतूस दुकानात मिळत नाही. तुम्ही लहान विमानाने आडगावी उतरलात आणि दारूगोळ्याची पेटी मागेच राहिली, तर गावातल्या दुकानात .३०-०६ मिळेल, .४५-७० मिळण्याची आशा धरता येईल. .४५० अलास्कन मागितलंत तर दुकानदार सहानुभूतीने बघेल. .३४८ च्या पुंगळ्या कारखाने अधूनमधून बनवतात, मिळतील तेव्हा चार वर्षांच्या घेऊन ठेवायच्या. आणि नळीवर नव्या काडतुसाचं नाव ठळक कोरून घ्या, आज ना उद्या ही रायफल दुसऱ्याच्या हातात जाणारच. पुंगळीच्या बुडावर '.३४८ विंचेस्टर' असंच कोरलेलं असतं. उद्या कोणी तेच वाचून कारखान्याचं .३४८ या चेंबरमध्ये घातलं तर ते आत जातं, उडतं, आणि बारीक गोळी रुंद नळीतून खडखडत जाते, पुंगळी फाटते.

कागदपत्रांचंही बघा, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार अज्ञान आहे. तुम्ही एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे. वैध शिकार-परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. तो संपला की सूटही संपली, म्हणून त्याची तारीख डोळ्यांत तेल घालून सांभाळा. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. अलास्काचे रहिवासी होईपर्यंत तपकिरी अस्वलाची शिकार परवानाधारक गाइडशिवाय किंवा तिथे राहणाऱ्या जवळच्या नातलगाशिवाय करता येत नाही, आणि परदेशी नागरिकांसाठी नियम आणखी कडक आहेत. अलास्काच्या शिकार खात्याच्या कार्यालयात आधी विचारा. गाइड बरोबर असेल तर अर्धा प्रश्न सुटतोच, त्याची रायफल तुमच्या मागे असते. गावाकडच्या भावाने हे वाचून वडिलांच्या .३१५ रायफलीवर काही करायचं मनात आणलं असेल तर आत्ताच सांगतो, भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना नसलेल्याने बंदुकीत असा बदल करणं गुन्हा आहे, आणि वन्यप्राण्यांची शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदच.

तेव्हा तुमच्या मार्लिनचं मी काय करेन? नवी नळी नाही. मूळ मागचा साइट काढून रिसीव्हरवर मोठ्या भोकाचा पीप साइट (भोकातून नेम धरायचा), पुढे पांढरा ठळक मणी. लिव्हर आणि बोल्टच्या खरखरीत कडा घासून गुळगुळीत. चांगला जाड रबरी बट-पॅड. ४०० ग्रेनच्या वरची, सपाट नाकाची, कडक ओतीव गोळीची .४५-७० काडतुसं, लिव्हर रायफलीच्या दाबाचीच. पेटीवर 'फक्त रूगर नंबर वन' (ही एकबारी, फार मजबूत रायफल) असं लिहिलेली घेऊ नका. एवढं करून जे पैसे वाचतील त्यांची काडतुसं घ्या आणि उभ्याने, पावसाच्या जॅकेटात, हातमोजे घालून पंचवीस यार्डांवर मारा. तीन गोळ्या किती वेळात जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसतात ते घड्याळ लावून बघा. तो आकडा समाधानकारक आला आणि तरीही .४५० अलास्कन मनातून जात नसेल, तर ब्राउनिंगची ७१ मिळेल तेव्हा घ्या. घेण्याआधी बोल्ट काढून खिळ्यांच्या खाचांच्या मागच्या कडा नखाने चाचपा. तिथे कड उचललेली लागली तर ती रायफल आधी कोणीतरी ताणलेली आहे, सोडून द्या.